रक्तातील स्नेहद्रव्ये आणि स्तनाच्या कर्करोगाचे भवितव्य



स्तनाच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया झालेली स्त्री घरी परतते, तेव्हा तिच्याजवळ अहवालांची एक जाड फाईल असते. गाठीचा आकार, काखेतील गाठींची स्थिती यांच्या अहवालांबरोबरच ‘लिपिड प्रोफाइल’ म्हणजे रक्तातील चरबीच्या तपासणीचा कागदही तीत पुष्कळदा असतो. त्यावरील एखादा आकडा मर्यादेबाहेर गेलेला दिसला की घरात काळजी सुरू होते. चरबी वाढली म्हणून रोग उलटेल काय? तूप कायमचे सोडावे काय? आणि पथ्य कडक पाळले तर रोजची गोळी थांबविता येईल काय? यांतील शेवटचा प्रश्न जिवाशी संबंधित आहे. म्हणून या विषयात काय सिद्ध झाले आहे आणि काय अद्याप संशोधनाच्या पायरीवर आहे, हे प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असणे हितावह आहे. २०२२ या वर्षाच्या जागतिक अंदाजानुसार भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना या रोगाचे नव्याने निदान झाले आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. भारतीय स्त्रियांमध्ये आढळणाऱ्या कर्करोगांत त्याचा क्रमांक पहिला आहे.

कोलेस्टेरॉल हे नाव ऐकताच मनात भय उभे राहते. परंतु ते शरीराला अत्यावश्यक द्रव्य आहे. प्रत्येक पेशीच्या आवरणात ते असते आणि इस्ट्रोजेनसारखी संप्रेरके त्याच्यापासूनच घडतात. आहारातून आले नाही तरी यकृत ते तयार करीतच असते. चरबी पाण्यात विरघळत नसल्यामुळे रक्तातून तिची ने-आण विशिष्ट कणांमार्फत होते. एलडीएल हे कण कोलेस्टेरॉल पेशींकडे नेतात, तर एचडीएल हे कण उरलेले कोलेस्टेरॉल यकृताकडे परत आणतात. ट्रायग्लिसराइड्स हा चरबीचा दुसरा प्रकार. लठ्ठपणा, मधुमेह, गोड पदार्थांचा अतिरेक व बैठे जीवन यांमुळे तो वाढतो.

आता मूळ प्रश्न. रोगाचे भवितव्य मुख्यतः कशावर ठरते? निदानाच्या वेळी गाठ किती मोठी होती, काखेतील गाठींपर्यंत रोग पोहोचला होता काय, पेशींवर इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणारी ग्राहके आहेत काय, आणि उपचार वेळेवर व पूर्ण झाले काय, या बाबींवर. लवकर निदानाचे महत्त्व मुंबईतच सिद्ध झाले आहे. टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांचा समावेश होता. त्यांतील एका गटाची प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पन्नास व त्याहून अधिक वयाच्या स्त्रियांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. रक्तातील चरबीचा कोणताही आकडा या प्रमुख बाबींची जागा घेऊ शकत नाही.

तरीही शास्त्रज्ञांनी चरबीकडे लक्ष वळविले, त्यास सबळ कारण आहे. शरीरात कोलेस्टेरॉलचे रूपांतर होऊन २७-हायड्रॉक्सिकोलेस्टेरॉल नावाचे द्रव्य बनते. अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की हे द्रव्य इस्ट्रोजेनच्या ग्राहकांवर इस्ट्रोजेनप्रमाणेच कार्य करते आणि उंदरांमधील स्तनाच्या गाठींची वाढ घडवून आणते. इस्ट्रोजेनवर पोसल्या जाणाऱ्या रोगाला कोलेस्टेरॉलमुळे दुसरे खाद्य मिळू शकते, असा याचा अर्थ. मात्र उंदरांत जे दिसते ते माणसांत तसेच घडेल असे गृहीत धरता येत नाही.

माणसांविषयी मोठी माहिती डेन्मार्कमधून आली. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८,७६९ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या गेल्या. कोलेस्टेरॉल कमी करण्यासाठी सिम्व्हास्टॅटिन ही गोळी घेणाऱ्या स्त्रियांमध्ये दहा वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण दर शंभरामागे सुमारे दहाने कमी आढळले. पुढे २०१७ मध्ये ८,०१० रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीतील माहितीचे विश्लेषण झाले. या साऱ्या स्त्रिया रजोनिवृत्त होत्या आणि संप्रेरकविरोधी औषधे घेत होत्या. त्या काळात ज्यांनी कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध सुरू केले, त्यांचा रोगमुक्त काळ इतरांपेक्षा अधिक आढळला.

हे निष्कर्ष आशादायक असले, तरी त्यांवरून घाईने अनुमान काढणे योग्य नाही. या अभ्यासांत कोणी स्टॅटिन घ्यावे हे चिठ्ठ्या टाकून ठरले नव्हते. नियमितपणे डॉक्टरांकडे जाणाऱ्या व औषधे वेळेवर घेणाऱ्या स्त्रियांनाच ती गोळी अधिक मिळाली असण्याचा संभव आहे. मग लाभ गोळीचा की शिस्तीचा, हे कसे ठरवावे? उलट बाजूही ध्यानात घ्यावी लागते. रोग बळावला, अन्न जाईनासे झाले, की कोलेस्टेरॉल आपोआप उतरते. अशा वेळी कमी झालेला आकडा हे शुभचिन्ह नसते. रक्ताच्या एकाच तपासणीवरून भवितव्य वर्तविणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष परस्परविरोधी का आले, याचे एक कारण येथे सापडते. याच शंकांच्या निरसनासाठी डेन्मार्कमध्ये २०२० मध्ये एक मोठी चाचणी सुरू झाली. तीत काही रुग्णांना अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि काहींना तशीच दिसणारी औषधविरहित गोळी देण्याची योजना आहे. केवळ कर्करोग उलटू नये म्हणून स्टॅटिन देणे हा प्रस्थापित उपचार नाही. डॉक्टर ही गोळी देतात ती हृदय व रक्तवाहिन्यांच्या रक्षणासाठी.

आहाराविषयी काय आढळले? अमेरिकेतील २,४३७ रुग्णांच्या एका अभ्यासात आहारातील चरबी बरीच कमी करणाऱ्या गटामध्ये सुमारे पाच वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण ९.८ टक्के, तर इतरांमध्ये १२.४ टक्के होते. हे निष्कर्ष २००६ मधील. परंतु २००७ मध्ये ३,०८८ स्त्रियांच्या दुसऱ्या अभ्यासात भाज्या व फळे भरपूर आणि चरबी कमी असा आहार घेऊनही हे प्रमाण १६.७ आणि १६.९ टक्के, म्हणजे जवळजवळ समान राहिले. पहिल्या अभ्यासात आहार बदललेल्या स्त्रियांचे वजन काहीसे उतरले होते, दुसऱ्यात उतरले नाही, हा भेद तज्ज्ञांनी नोंदविला आहे. सात्त्विक आहार हितकारक आहे; पण तो औषधाला पर्याय नाही.

याच्याशेजारी सिद्ध झालेली गोष्ट ठेवून पाहावी. इस्ट्रोजेनला प्रतिसाद देणाऱ्या रोगात टॅमॉक्सिफेन ही गोळी पाच वर्षे घेतल्यास पंधरा वर्षांच्या काळात या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. ज्या उपायाचे बळ एवढे, तो केवळ अंगात उष्णतेच्या लाटा येतात वा सांधे दुखतात म्हणून मध्येच सोडणे ही मोठी हानी होय. त्रास होत असल्यास डॉक्टरांना सांगावे. औषध बदलता येते.

रक्तातील चरबीचा या औषधांशीही संबंध आहे. टॅमॉक्सिफेनने एलडीएल सामान्यतः कमी होते, परंतु काहींचे ट्रायग्लिसराइड्स वाढतात. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या गोळ्यांनी टॅमॉक्सिफेनसारखी एलडीएलची घट होत नाही आणि ते वाढलेले आढळू शकते. कर्करोगावरील काही औषधांचा ताण हृदयावरही पडतो. लवकर निदान झालेल्या वयस्क स्त्रियांच्या पुढील आयुष्यात हृदयविकार हा मोठा धोका असतो. म्हणून लिपिड प्रोफाइल, रक्तदाब व साखर ठरावीक काळाने तपासणे अगत्याचे आहे. कर्करोगातून सुटलेला जीव हृदयविकाराने गमावू नये.

शाकाहारी घरांत चरबीची भीती नाही, हा समज मात्र दूर व्हावयास हवा. वनस्पतीजन्य पदार्थांत कोलेस्टेरॉल नसते हे खरे. पण तूप, साय, वनस्पती तूप, तळलेली शेव-गाठी आणि मिठाई यांमुळे रक्तातील चरबी वाढते. डाळी, मोड आलेली कडधान्ये, ज्वारीची भाकरी आणि भाज्या यांना ताटात अधिक स्थान द्यावे. जेवणात थोडे तूप असण्यास बहुधा हरकत नसते. ताटातील सारेच पदार्थ तुपातले असू नयेत. रोज चालण्याचा व्यायाम करावा. केमोथेरपी चालू असताना मात्र वजन घटविण्याच्या मागे लागू नये. त्या काळात पुरेसे अन्न व प्रथिने आवश्यक असतात.

सूर्यास्तानंतर अन्नपाणी न घेण्याचा नेम असणाऱ्या भगिनींनी संकोच न करता तो डॉक्टरांना सांगावा. टॅमॉक्सिफेन वा लेट्रोझोल दिवसातून एकदाच घ्यावयाची असते, तिची वेळ सकाळची ठेवता येते. अठाईसारखी दीर्घ तपश्चर्या उपचारकाळात आरंभण्यापूर्वी डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. आणि अशा उपवासानंतर लगेच चरबीची तपासणी करू नये, कारण ती नेहमीची स्थिती दाखवीत नाही.

घरातील मंडळींनी आणखी एक गोष्ट जपावी. ‘तिने खाण्यापिण्याचे पथ्य पाळले नाही म्हणून रोग उलटला’, असे उद्गार काढू नयेत. शास्त्राला त्याचा आधार नाही, आणि आजारी मनाला त्याची जखम खोल होते. आवश्यक तेथे औषधाची वेळ आठवून देणे, तपासणीला सोबत जाणे आणि घरातील सर्वांसाठी एकच कमी तेलाचा स्वयंपाक करणे, एवढे कुटुंबाला निश्चित करता येते. चाळिशी ओलांडलेल्या इतर भगिनींनीही स्तनात गाठ किंवा बदल जाणवताच लाजेपोटी दिवस घालवू नयेत.