घरांतला समुद्र



गोड्या पाण्यांतले चार मासे कांचेच्या भांड्यांत ठेवणें ही आतां घरोघरची हौस झाली आहे. परंतु समुद्रांतले मासे खाऱ्या पाण्यासह दिवाणखान्यांत वसवावयाचे, ही हौस निराळी. अशा संकल्पाचा आरंभ माशांपासून करूं नये, जागेपासून करावा, एवढेंच आज मला सांगावयाचें आहे.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत समुद्रजीवांचें मत्स्यालय १८५३ सालीं उघडलें. मुंबईंत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडलें तें १९५१ मध्यें. अशा संस्थांपाशीं त्या कामासाठींच बांधलेली इमारत असते. आपल्यापाशीं तीन खोल्यांची जागा असते, आणि तिच्या खालीं दुसऱ्याचें बिऱ्हाड असतें.

तेव्हां आधीं पाटी-पेन्सिल घ्यावी. टांकी सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच धरूं. गुणाकार २४ घनफूट. म्हणजे सुमारें ६८० लिटर. खारें पाणी गोड्याहून अडीच टक्क्यांनीं जड, म्हणून त्याचें वजन जवळजवळ ७०० किलो. १२ मिलिमीटर जाडीची कांच धरली तर तिचे सव्वाशें किलो. खडक, वाळू, खालची घडवंची आणि गाळणीची टांकी मिळविली, कीं बेरीज १,००० किलोंच्या आसपास जाते. आणि हें सारें ओझें अवघ्या १२ चौरस फुटांवर! राहत्या खोल्यांसाठीं भारतीय मानक दर चौरस मीटरला सुमारें २०० किलो भार धरतें. आपल्या टांकीखालीं तो ९०० च्या घरांत जातो. मानकांतला आंकडा साऱ्या खोलीवर पसरलेल्या भाराचा आहे, म्हणून जमीन तत्काळ खचेल असा याचा अर्थ नव्हे. परंतु टांकी खोलीच्या मध्यभागीं न ठेवतां तुळईवर किंवा भार वाहणाऱ्या भिंतीलगत ठेवावी. कोणती भिंत भार वाहते हें नुसत्या डोळ्यांनीं समजत नाहीं. तें बांधकामाच्या इंजिनियरास विचारूनच ठरवावें. पुढें आलेल्या सज्जांत तर ती ठेवूंच नये.

खिडकीसमोरची जागा मोहक दिसते. पण उन्हानें पाणी तापतें आणि शेवाळ माजतें. या माशांना २४ ते २७ अंश सेल्सिअस उष्णता मानवते. मुंबईच्या मे महिन्यांत पाणी त्यापुढें जातें, म्हणून तें थंड करणारें यंत्र लागतें. तें यंत्र गरम हवा बाहेर टाकतें. त्यास बंद कपाटांत कोंडलें तर त्याचा उपयोग उरत नाहीं.

आतां विजेचें पाहूं. खारें पाणी विजेचें उत्तम वाहक आहे. विजेचीं बटणें टांकीच्या मागें किंवा खालीं नसावींत. प्रत्येक तार बटणाकडे जाण्यापूर्वीं खालीं झोळ घेऊन जावी, म्हणजे ओघळणारा थेंब तेथेंच गळून पडेल. गळती होतांच वीज तोडणारें साधनहि बसवून घ्यावें. शिवाय वीज गेली कीं पंप थांबतो आणि वरच्या टांकीचें पाणी सांडव्याच्या पातळीपर्यंत खालीं उतरतें. एकच इंच उतरलें तरी आपल्या हिशेबानें एक घनफूट, म्हणजे २८ लिटर. तेवढी रिकामी जागा खालच्या टांकींत नसेल, तर तें पाणी प्रथम आपल्या फरशीवर आणि मग शेजाऱ्याच्या छतांत. पंप बंद करून ही परीक्षा मासे आणण्यापूर्वींच घ्यावी.

पाण्यासाठीं चौपाटीवर बादल्या घेऊन जाऊं नये. शहरालगतचें पाणी दूषित असतें. शुद्ध केलेल्या पाण्यांत दर लिटरला सुमारें ३५ ग्रॅम या प्रमाणें मत्स्यालयाचें तयार मीठ मिसळावें. पुढें पाणी उडून कमी होईल, तेव्हां भर गोड्या पाण्याची घालावी. कारण पाणी उडतें, मीठ मागेंच राहतें. माशांच्या मलमूत्रांतून निघणारा अमोनिया विषारी असतो. त्याचें आधीं नायट्राइट व मग सौम्य नायट्रेट करणारे सूक्ष्म जंतु वाढावयास बहुधा चार ते सहा आठवडे लागतात. हे दिवस ज्यास धीर धरवत नाहीं, त्याचे पहिले मासे मरतात.

प्रवाळ आणि समुद्रघोडा यांस आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें कवच आहे. ते किनाऱ्यावरून उचलून आणणें गुन्हा होय. क्लाऊनफिशसारखे कांहीं मासे मात्र आतां टांकींतच पैदा करितां येतात. असेच मागून घ्यावे, म्हणजे आपल्या शोभेसाठीं समुद्र रिकामा होणार नाहीं.

म्हणून क्रम असा: प्रथम इंजिनियर, मग विजेचा कारागीर, मग पाणी, मग महिना-दीड महिना वाट, आणि सर्वांच्या शेवटीं मासा. तो आपण होऊन आपल्या दारीं येत नाहीं. आपण त्यास आणतों. ज्यास आणावयाचें, त्याची राहण्याची सोय आधीं करावी, हा गृहस्थधर्म पाहुण्याइतकाच माशालाहि लागू आहे.