गालांवरचा उजेड

माणसाच्या अंगातून प्रकाश बाहेर पडतो. उष्णतेच्या कॅमेऱ्यात दिसतात त्या अवरक्त किरणांविषयी हे नाही. हा दृश्य प्रकाश आहे, मात्र आपल्या डोळ्यांना जाणवायला जेवढा लागतो त्याहून हजार पटींनी मंद.

जपानमधल्या सेंदाई शहरात मासाकी कोबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची छायाचित्रे घेतली. २००९ साली ती प्रसिद्ध झाली. विशीतले पाच निरोगी तरुण एकेक करून ठार काळोख्या खोलीत उघड्या अंगाने कॅमेऱ्यासमोर बसत. कॅमेऱ्याचा सेन्सर उणे १२० अंश सेल्सिअसपर्यंत थंड केलेला असे, कारण सेन्सर स्वतःच्या उष्णतेनेही खोटे ठिपके उमटवतो आणि इथे तर एकेका प्रकाशकणाचा हिशेब होता. सकाळी दहा ते रात्री दहा, दर तीन तासांनी वीस मिनिटे स्तब्ध बसायचे. असे तीन दिवस चालले.

चित्रांत छातीपेक्षा चेहरा उजळ दिसला. त्यातही गाल, तोंडाभोवतीचा भाग आणि मानेचा वरचा भाग. सकाळी दहाला हा उजेड सर्वांत कमी होता, दुपारी चारच्या सुमारास सर्वाधिक. त्याच वेळी घेतलेल्या उष्णतेच्या चित्रांशी मात्र तो जुळेना. गरम भाग तोच उजळ भाग, असे काही नव्हते.

मग तो येतो कुठून? पेशी ऑक्सिजन वापरतात, तेव्हा काही अतिक्रियाशील रेणू तयार होतात. ते स्निग्ध पदार्थांवर आणि प्रथिनांवर आदळतात. त्यातून उत्तेजित झालेले रेणू शांत होताना क्वचित एखादा प्रकाशकण सोडतात. काजव्याकडे प्रकाशासाठी खास रसायन असते. आपल्याकडे तसे काही नाही. श्वासावर चालणाऱ्या रोजच्या व्यवहारातूनच हा प्रकाश निघतो.

तेजोवलयाचे फोटो काढून देणाऱ्यांशी याची गल्लत होता कामा नये. तेजोवलयाचे म्हणून दाखवल्या जाणाऱ्या किर्लियन छायाचित्रात उच्च दाबाची वीज बाहेरून दिलेली असते आणि तिच्यामुळे हवेत ठिणगी उमटते. सेंदाईत अंगाला काहीच लावलेले नव्हते.

२०२५ साली कॅनडातल्या कॅल्गरीच्या संशोधकांनी जिवंत आणि मेलेल्या उंदरांची तुलना केली. मृत शरीराचे तापमान तेवढेच राखले, तरी प्रकाश लक्षणीय घटला.

शरीराची स्थिती त्वचेला हात न लावता या उजेडावरून कळावी, अशी संशोधकांची आशा आहे. ती रास्त वाटते. पण एका चित्रासाठी वीस मिनिटे काळोखात न हलता बसणे धडधाकट तरुणाला जमते. आजारी माणसासाठी हा वेळ आधी कमी व्हायला हवा.