कढईतले तेल आणि इंडोनेशियाचा धूर
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



मघाशी जेवणात भजी होती. कशात तळली ते स्वयंपाकघरात विचारून आले. पामोलिनमध्ये. खुला व्यापार आणि कार्बन हा विषय रुक्ष वाटतो, म्हणून मी त्या कढईपासूनच सुरुवात करते.

१९८६ साली सरकारने तेलबियांची मोहीम काढली आणि नव्वदीच्या सुरुवातीला आपण खाद्यतेलात जवळजवळ स्वयंपूर्ण झालो. १९९४ मध्ये पामतेलाची आयात खुली झाली. तेव्हा ६५ टक्के असलेले आयातशुल्क १९९८ मध्ये १५ टक्क्यांवर आले. आज निम्म्याहून जास्त खाद्यतेल आपण बाहेरून आणतो. त्यात पामतेल सर्वांत जास्त, आणि ते मुख्यतः इंडोनेशिया-मलेशियातून येते.

इंडोनेशियात काही जंगले दलदलीवर उभी आहेत. तिथे हजारो वर्षांचा पालापाचोळा पाण्याखाली न कुजता साठलेला आहे. मळ्यांसाठी कालवे खणून पाणी काढले की तो वाळतो, हळूहळू हवेत जातो आणि पेटला तर महिनोन्‌महिने जळतो. १९९७ मध्ये तो पेटला. २००२ मध्ये शास्त्रज्ञांनी केलेला अंदाज असा, की त्या आगीतून ०.८१ ते २.५७ अब्ज टन कार्बन हवेत गेला. म्हणजे जगभर वर्षभरात जाळलेल्या कोळसा-तेलातून निघतो त्याच्या १३ ते ४० टक्के! ही सगळी आग पामतेलासाठी लागली असे नव्हे. भातशेतीचा एक सरकारी प्रकल्प होता, एल निनोचा दुष्काळ होता. पण मळ्यांसाठी जमीन जाळून साफ करणे हे मोठे कारण होतेच.

हा धूर इंडोनेशियाच्या नावावर मांडला जातो, कारण कार्बनचा हिशेब जिथे निघाला त्या देशात धरतात. तेल आणणाऱ्या जहाजाचा धूर तर कुठल्याच देशाच्या बेरजेत नाही. आपली वही कोरी राहते, ती अशी.

इकडे मराठवाडा-सोलापूरकडची करडई मागे पडत गेली. करडईला काटे असतात. दवाने ते मऊ असतात तोवर, भल्या पहाटे, हाताला फडकी बांधून बायका काढणी करत. ते काम सुखाचे होते असे मी म्हणणार नाही. तिकडच्या मळ्यांत फवारणी करणाऱ्यांतही रोजंदारीवरच्या बायका आहेत.

मग पामतेलावर बहिष्कार घालायचा? मला ते पटत नाही. एका हेक्टरात पाम सोयाबीनच्या कितीतरी पट तेल देतो. शिवाय एप्रिल-मे २०२२ मध्ये इंडोनेशियाने निर्यात थांबवली, तेव्हा बाजारात काय झाले ते आठवा. तेल महागले की फोडणी आधी कुणाच्या घरातली जाते?

सरकारने २०२१ मध्ये पाम इथेच, ईशान्य भारत आणि अंदमानात लावण्याची मोहीम जाहीर केली. म्हणजे आता जंगलाचा प्रश्न आपल्या दारात आला. आपल्या मागणीपत्रकात रेशनवर स्वस्त तेल आहेच. त्याच्याखाली करडईची हमीभावाने प्रत्यक्ष खरेदी, आणि तेच तेल रेशनवर, हे कलम घाला असे मी सुचवते. मसुदा उद्या सकाळच्या सत्रात लिहू.