शाळेच्या परसबागेतील वाल

(केंद्राच्या शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



शालेय पोषण आहाराच्या जोडीला शाळेत परसबाग असावी, ही अपेक्षा आता नवी राहिलेली नाही. २०२१ पासून प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने चालणाऱ्या योजनेतही तिला स्थान आहे. परंतु आपणांपैकी पुष्कळांनी हातात खुरपे कधी धरलेले नाही, हेही तितकेच खरे. म्हणून आज सर्व भाज्यांचा पाढा न वाचता, नवशिक्यालाही साधेल अशा एकाच शेंगभाजीविषयी बोलावयाचे आहे. ती म्हणजे वाल.

नावांचा घोटाळा प्रथम दूर करू. वाल, पावटा, घेवडा, पापडी ही नावे गावोगाव निरनिराळ्या अर्थाने वापरली जातात. तेव्हा बी घेताना नावावर न जाता शेंग व दाणा पाहून घ्यावा. इंग्रजी पुस्तकांतील ‘ब्रॉड बीन’ म्हणजे आपला वाल नव्हे. तो बाकला, उत्तरेकडे हिवाळ्यात होणारे थंडीचे पीक. त्या पुस्तकांतील लागवडीची माहिती उतरवून घेऊन बीडच्या उन्हात वापरू नये.

आता माझी स्वतःची एक चूक सांगतो. नोकरीच्या आरंभी एका लहान गावी असताना मी मृगाच्या पावसावर मुलांकडून कुंपणाशी वेलाचा वाल लावून घेतला. मुलांनी आपापल्या आळ्याजवळ नावांच्या काड्या रोवल्या. वेल जोमाने वाढावा म्हणून मी युरियाही घातला. श्रावणात वेल छपरावर चढला. भाद्रपद गेला, दसरा आला, तरी फुलाचा पत्ता नाही. ऊसतोडीच्या गाड्या गावातून निघाल्या आणि निम्मा वर्ग रिकामा झाला. वेल वांझ आहे असे ठरवून मी तो उपटून टाकला. शेजारच्या आजीबाईंनी तो ढीग पाहून म्हटले, “अहो गुरुजी, थंडी तर पडू द्यायची!” त्यांच्या कुडावरचा तोच वाल पुढे मार्गशीर्षात शेंगांनी लवला होता. पाडव्याच्या सुमारास मुले परतली. तिसरीतील एक मुलगी दप्तर ठेवण्याआधीच विचारू लागली, “गुरुजी, माझ्या वेलाला किती शेंगा आल्या?” मला उत्तर देता आले नाही.

चूक कोठे झाली, हे मला पुढे वाचून कळले. वेलाचा जुना वाल दिवसाच्या लांबीवर चालतो. आपल्याकडे जूनअखेर दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात तो अकरा तासांवर येतो. दिवस पुरेसा लहान झाल्यावाचून हा वेल फुलत नाही. तो लवकर पेरला तरी नुसता पाला वाढतो. युरियाने त्यात भरच पडली. वालाच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू हवेतील नत्र त्याला मिळवून देतात. त्याला वरून नत्र पाजण्याचे कारण नाही. (दिनदर्शिकेतील सूर्योदय-सूर्यास्ताच्या वेळांवरून दिवसाची लांबी काढणे हे चौथी-पाचवीच्या गणिताला उत्तम उदाहरण आहे, तक्ता वर्गात लावावा.)

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न केवळ शेतीचा नाही. जे मूल जूनमध्ये बी टोचते, तेच ऑक्टोबर-नोव्हेंबरात आईबापांबरोबर कारखान्याच्या वाटेला लागते. त्याच्या हातची शेंग त्याच्याच ताटात पडावयाची असेल तर वाण निराळा हवा. दिवसाच्या लांबीला न जुमानणारे झुडुपी वाण उपलब्ध आहेत: दापोलीच्या कृषी विद्यापीठाचा ‘कोकण भूषण’ आणि बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा ‘अर्का जय’. ‘कोकण भूषण’च्या हिरव्या शेंगा ५५ ते ६० दिवसांत तोडणीस येतात. पाऊस लांबून जुलैच्या मध्यास पेरणी झाली, तरी गाड्या निघण्यापूर्वी दोन-तीन तोडे होतात. मांडवाचा खर्चही लागत नाही.

लागवड सोपी आहे. गेवराई-माजलगावकडील काळ्या जमिनीत पाणी साचते; तेथे वाफा न करता उंच वरंब्यावर बी लावावे. पाटोदा-आष्टीच्या बालाघाटी मुरमाड जमिनीत मात्र खड्डा घेऊन गाळमाती व कुजलेले शेणखत भरावे. ओळींत दीड ते दोन फूट, रोपांत एक फूट अंतर ठेवून प्रत्येक ठिकाणी दोन बिया एक इंच खोल टोचाव्यात. साधारण आठवड्यात कोंब वर येतो. मग जोमदार रोप ठेवून दुसरे काढावे. ते काढताना हळूच कात्रीने कापावे, ओढू नये. शेजारच्याचे मूळ दुखावते. पावसाने ताण दिला तर तांदूळ व भाज्या धुतल्याचे पाणी घालावे. साबणाचे पाणी मात्र निराळ्या चरीने बाहेर काढावे.

फुलोऱ्यात कोवळ्या शेंड्यांवर काळा मावा बसतो. मावा दिसताच औषधाचा पंप आणू नये. ज्या बागेत मुले उघड्या हातांनी वावरतात, तेथे विषारी औषध मुळीच नको. मावा थोडा असेल तर शेंडा खुडून टाकावा, अधिक असल्यास निंबोळीचा ५ टक्के अर्क फवारावा. लाल पाठीचे ठिपकेदार ढालकिडे दिसले तर त्यांना राहू द्यावे. ते मावा खातात.

शेंगा कोवळ्या असतानाच तोडाव्यात, शिरा काढून शिजवाव्यात. वाळलेला दाणा कच्चा खाऊ देऊ नये, तो बाधतो. रात्रभर भिजवून, ते पाणी टाकून, पुरता शिजवूनच तो ताटात यावा. स्वयंपाक करणाऱ्या ताईंना हे मुद्दाम सांगून ठेवावे.

वेलाचा वाल अजिबात लावू नये, असे मात्र माझे म्हणणे नाही. श्रावणअखेर कुंपणाशी त्याची चार आळी अवश्य करावीत. हंगामी वसतिगृहात राहून गावातच शिकणाऱ्या मुलांना थंडीत त्याच्याच शेंगा मिळतील. झुडुपी वालाची दोन-दोन चांगली झाडे न तोडता बियांसाठी राखावीत. शेंगा झाडावरच वाळू द्याव्यात, दाणे उन्हात चांगले तापवून, राख मिसळून कोरड्या बाटलीत भरावेत. बाटलीवर ज्या मुलांनी बी टोचले होते त्यांची नावे लिहावीत. ती मुले मार्च-एप्रिलमध्ये परत आली, की हजेरीपटावर नाव घेतेवेळीच त्यांच्या हातावर मूठभर दाणे ठेवावेत आणि किती झाले ते त्यांनाच मोजू द्यावे.