कालव्यावरची नाव आणि तिचा मालक



या व्यासपीठावर विद्वानांची व्याख्याने होतात. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंत. पुढचे सारे गोदीच्या फाटकावर आणि युनियनच्या कचेरीतल्या कपाटातली पुस्तके वाचून झाले. तेव्हा आज मोठे तत्त्वज्ञान ऐकावयास मिळेल अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. इंग्लंडातल्या कालव्यावर नाव कशी घ्यावी आणि कशी चालवावी, हा विषय मी कळवला तेव्हा एका संयोजकांनी विचारलेच, "अहो, आमच्या श्रोत्यांना त्याचा उपयोग काय?" मी त्यांना म्हटले, तुमच्या आळीतल्या किती घरांतली मुले तिकडे आहेत ती मोजा. त्यांतल्या एखाद्याचा फोन केव्हा येईल ते सांगता येत नाही. मला आला.

माझ्या बहिणीचा मुलगा तिकडे मिडलंड्स भागात एका कारखान्यात यंत्रांची देखभाल करतो. एका रात्री त्याचा फोन आला. "मामा, मी नाव घेतोय. राहायला." निम्मा पगार भाड्यात जातो, नाव घराच्या मानाने पुष्कळ स्वस्त पडते, असा त्याचा हिशेब. "तुम्ही गोदीतले, तुम्हाला त्यातलं कळतं," असेही तो म्हणाला. आता गोदीत मी तीस वर्षे काढली ती जहाजाच्या पोटातला माल वर काढण्यात आणि माल काढणाऱ्यांची भांडणे मांडण्यात. जहाज चालवले नाही कधी. पण भाच्यासमोर ते कबूल कोण करणार? मी एवढेच म्हटले, "मी येईपर्यंत एक पैसा देऊ नकोस." आणि मे महिन्यात गेलो.

प्रथम कालवा म्हणजे काय ते सांगतो. आपल्याकडे कालवा म्हटला की धरण, पाटकरी आणि उसाचे पाणी डोळ्यांपुढे येते. तिकडचे हे कालवे माल वाहण्यासाठी खणलेले आहेत. १७६१ साली ब्रिजवॉटरचा कालवा वाहता झाला, मँचेस्टरला कोळसा स्वस्तात पोचला, आणि पुढच्या साठ-सत्तर वर्षांत देशभर असे कालवे झाले. पाणी जवळजवळ स्थिर. जमीन चढली की पाण्याचा जिना करावयाचा. त्याच्या प्रत्येक पायरीला 'लॉक' म्हणतात. बरीच लॉक जेमतेम सात फूट रुंद, म्हणून नाव सहा फूट दहा इंच रुंद आणि लांबीला बहात्तर फुटांपर्यंत. आगगाडीच्या डब्यापेक्षाही अरुंद असे हे घर. आज इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैल जलमार्ग २०१२ पासून एका धर्मादाय ट्रस्टकडे आहेत.

भाच्याला मी पहिली गोष्ट सांगितली ती हीच इथे सांगतो: विकत घेण्याआधी पंधरा दिवस भाड्याने घेऊन बघा. उन्हाळ्यातल्या रविवारी काठावरून पाहिलेली नाव आणि पावसात भिजत सुकाणू धरून चालवलेली नाव, या दोन निराळ्या वस्तू आहेत. आम्ही ब्रॉन्स्टन नावाच्या गावाहून नाव घेतली आणि फॉक्स्टनपर्यंत जाऊन परत आलो.

चालवणे असे. तुम्ही नावेच्या अगदी मागे उभे. हातात सुकाणूचा दांडा. दांडा डावीकडे ढकलला की नाव उजवीकडे जाते. पहिला दिवसभर मेंदू हे मानत नाही. दुसरे, मोटारीसारखे पुढचे चाक आधी वळत नाही. नाव आपल्या मध्यावर फिरते, आणि पुढचे टोक उजवीकडे गेले की मागचे टोक झाडूसारखे डावीकडे सरकते. म्हणून नजर पुढे ठेवून मन मागे ठेवावे लागते. ब्रेक नाही. थांबायचे तर पंखा उलटा फिरवायचा, आणि उलट्या पंख्यावर सुकाणू जवळजवळ ऐकतच नाही. पंधरा-सोळा टनांचे लोखंड कसे थांबते ते गोदीतल्या माणसाला सांगावे लागत नाही. नाव आणि भिंत यांच्यामध्ये हात किंवा पाय कधी घालू नका. भिंतीला टेकली तर टेकू द्या. रंग परत लावता येतो. बोटे गेलेली माणसे मी पाहिली आहेत.

रस्त्यावर तिथेही आपल्यासारखी डावी बाजू, पण पाण्यावर समोरून नाव आली तर आपण उजवीकडे व्हायचे. वेगाची मर्यादा ताशी चार मैल, प्रत्यक्षात तीनच पडतात. बांधलेल्या नावांजवळून जाताना त्याहूनही हळू, कारण तुमच्या लाटेने त्यांच्या खुंट्या उपटतात आणि आतल्या माणसाचा चहा सांडतो. उथळ पाण्यात इंजिन जास्त रेटले तर नाव मागून खाली बसते आणि उलट हळू होते. थोडे कमी केले की ती मोकळी होऊन पुढे सरकते. गाळात रुतली तर पुढे रेटू नका. मागे घ्या, बांबूने ढकला, माणसे दुसऱ्या बाजूला उभी करा. पंख्यात काही अडकले तर इंजिन बंद करून किल्ली खिशात घाला आणि मगच झाकण काढून हात घाला. आमच्या पंख्यात तार निघाली, पिशव्या निघाल्या, एकदा अख्खे पांघरूण निघाले. प्रवासाचा हिशेब सोपा आहे: मैल आणि लॉक यांची बेरीज करा, तिला तीनाने भागा, तितके तास.

आता लॉकबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण तिथे जीव जातो.

लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारे असलेली दगडी कोठी. खाली उतरायचे तर भरलेल्या कोठीत नाव घ्यायची, वरचे दार लावायचे, आणि खालच्या दाराच्या झडपा विंडलास नावाच्या लोखंडी हँडलने उचलायच्या. पाणी निघून जाते आणि नाव उतरते. साध्या अरुंद लॉकमध्येही एका वेळी लाख-सव्वा लाख लिटर पाणी खाली जाते. वरच्या दाराच्या बुडाशी एक उंबरठा असतो. कोठी भरलेली असताना तो पाण्याखाली असतो, दिसत नाही. पाणी उतरले की तो उघडा पडतो. त्या वेळी नावेचे मागचे टोक त्याच्यावर असेल तर ते तिथेच अडकते, पुढचे टोक मात्र पाण्याबरोबर खाली जाते, आणि नाव बुडते. मिनिटांचा खेळ. म्हणून भिंतीवर पांढरी रेघ मारलेली असते: तिच्या पुढे राहा.

हे सारे भाच्याने मला दोनदा समजावले होते. परतताना ब्रॉन्स्टनच्या सहा लॉकांतून आम्ही उतरत होतो. ही लॉक चौदा फूट रुंद, दोन नावांची. आमची एकटी नाव त्यात इकडेतिकडे तरंगत होती. भाचा वर झडपांपाशी, सुकाणूवर मी. काठावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने विचारले, कुठले तुम्ही? मुंबईचा, गोदी कामगार, म्हणून मी सांगू लागलो. आणि युनियनचा माणूस एकदा बोलू लागला की काय होते ते अध्यक्षमहाराजांना ठाऊक आहे. नाव हळूहळू मागे सरकत होती. एकदम खालून खरवडल्यासारखा आवाज आला आणि पायाखालची फळी पुढे कलली. आतल्या कपबशा घसरल्या. "मामा! पुढं घ्या! पुढं!" असे भाचा ओरडला आणि धावत जाऊन त्याने खालच्या झडपा पाडल्या. मग वरची झडप थोडी थोडी उघडून पाणी आत घेतले आणि नाव उंबरठ्यावरून सुटली. मी पुढे घेतली असती तरी तोवर ती हलली नसती. ती झडपांनीच वाचली. तो दहा मिनिटे माझ्याशी बोलला नाही. तो गृहस्थही निघून गेला. त्या दिवसापासून मी लॉकमध्ये तोंड उघडत नाही.

दोराविषयी एक राहिले. माझ्या हाताला सवय दोर आवळून गाठ मारण्याची. उतरत्या लॉकमध्ये गाठ मारली तर नाव दोराला टांगली जाते. दोर खुंटाभोवती एक वेढा देऊन हातात धरायचा आणि सोडत राहायचे.

फॉक्स्टनला दहा लॉक आहेत, पाच-पाचांचे दोन जिने, ७५ फूट चढ, १८१४ सालचे काम. तिथे बाजूला हौद आहेत, आणि लाल झडप पांढरीच्या आधी उघडायची असा नियम आहे. उलट केले तर पाणी ओसंडते. तिथले लॉककीपर, त्यांत निवृत्त स्वयंसेवक पुष्कळ, जवळ उभे राहून सांगतात. त्यांचे ऐका. ब्रॉन्स्टनचा बोगदा २,०४२ यार्डांचा, १७९६ पासूनचा, आणि मध्ये वाकडा, कारण खणताना दोन टोकांचा मेळ चुकला. आत समोरून नाव येऊ शकते. दिवा थोडा उजवीकडे वळवून ठेवा आणि अंगावर काही गरम घाला.

ब्रॉन्स्टनला मी आणखी एका कारणासाठी गेलो होतो. सुरुवातीला नावाड्यांची घरे काठावर असत. आगगाडी आली, वाहतुकीचे दर पडले, मजुरी पडली. घरभाडे परवडेना म्हणून नावाडी बायकामुलांना नावेवर घेऊन आला. सात फूट रुंद, दहा फूट लांब खोलीत सगळा संसार, आणि बायको व मुले दोर ओढतात, दारे ढकलतात, त्यांना वेगळी मजुरी नाही. १८७७ आणि १८८४ साली या नावांसाठी कायदे झाले, ते किती माणसे झोपावीत आणि मुले शाळेत जावीत यांसाठी. १९२३ साली एका मोठ्या कंपनीने मजुरी कापली तेव्हा याच ब्रॉन्स्टनला नावाड्यांनी नावा बांधून संप केला. सुमारे चौदा आठवडे चालला. घर आणि कामाची जागा एकच, आणि तीही मालकाची, अशा स्थितीत माणसे चौदा आठवडे कशी टिकली असतील, हे संप चालवलेल्या माणसाला विचारा. १९६२-६३ च्या हिवाळ्यात कालवे गोठले आणि तो धंदा जवळजवळ संपला.

त्या काठावर बसून मी भाच्याला म्हटले, "भाडे परवडत नाही म्हणून नावेवर येणारा तू पहिला नाहीस." तो म्हणाला, "मामा, पण ही माझी स्वतःची असेल." म्हणून मग मालकीचे कागद पाहिले.

नाव तुमची, पाणी ट्रस्टचे. परवाना लागतो, विमा लागतो, चार वर्षांनी एकदा सुरक्षेचा दाखला लागतो. १९९५ च्या कायद्याप्रमाणे एक तर तुमची नाव बांधण्याची कायमची जागा हवी, नाही तर तुम्ही खरोखर प्रवासात असायला हवे आणि एका ठिकाणी सलग चौदा दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये, सबळ कारणाशिवाय. किती अंतर सरकायचे, ते कायद्यात लिहिलेले नाही. असे कायदे आम्हांला ओळखीचे आहेत. न लिहिलेले ते शिक्का ज्याच्या हाती असतो तो भरतो. फारच थोडे फिरलात तर परवान्याचे नूतनीकरण अडते, आणि परवाना गेला की घर गेले. एप्रिल २०२४ पासून कायम जागा नसलेल्या नावांना परवान्यावर जादा आकारही सुरू झाला. ज्याची पाळी रोज सकाळी एकाच फाटकावर सुरू होते, त्याने हा फिरता संसार करू नये. जागा घेताना तिथे राहण्याची परवानगी आहे का, ते लेखी घ्या. पुष्कळ जागा नुसती नाव ठेवण्यासाठी असतात.

विकत घेताना पडदे आणि पितळेची भांडी पाहू नका. पाण्याखालचे पोलाद पाहा. नवी नाव बुडाशी १० मिलिमीटर, बाजूंना ६, खोलीला ४ अशी बांधतात. नाव पाण्याबाहेर काढून, तुम्ही स्वतः नेमलेल्या सर्वेक्षकाकडून जाडी मोजून घ्या. विकणाऱ्याने दाखवलेला जुना अहवाल चालत नाही. भाच्याने पसंत केलेल्या नावेचे इंजिन नवे, रंग नवा, आणि पाण्याच्या रेषेखाली खड्डे पडून पत्रा काही जागी ४ मिलिमीटरच्याही आत आला होता. इतक्या पातळ पत्र्याला विमावाले कुरकुरतात. सर्वेक्षणाचे पैसे गेले म्हणून तो हळहळला. मी म्हटले, हे पैसे गेले नाहीत, नाव गेली. दोन-तीन वर्षांनी एकदा बुडाला डांबर, त्याबरोबर गंज स्वतःवर घेणारे धातूचे तुकडे बदलणे, मागच्या दांड्याच्या ग्रीसवर रोज एक पीळ, हे सारे खर्चात धरा. लांबी ५७ फूट घ्या. उत्तरेकडची काही लॉक आखूड आहेत, पण एवढी नाव बहुतेक सगळीकडे जाते.

हिवाळ्यात आत कोळशाची शेगडी असते आणि खिडक्या बंद. तिच्या विषारी वायूला वास नसतो. त्याची धोक्याची घंटा २०१९ पासून राहत्या नावांना सक्तीची आहे. आईबापांनी फोनवर तेवढे एक जरूर विचारावे. शौचाची टाकी स्वतः उचलून नेऊन रिकामी करावी लागते. आपल्याकडे हे काम कोणाच्या माथी मारले गेले ते आठवले, आणि भाचा ते मुकाट्याने करतो हे पाहून मला बरे वाटले.

चार महिन्यांनी त्याने दुसरी नाव घेतली, जुनी पण जाड पत्र्याची, राहण्याच्या परवानगीच्या जागेसकट. ती जागा धरता बचत ठरवली होती त्याच्या निम्मीच राहिली. माझ्या नावाने एक विंडलास त्याने पाठवून दिले आहे, ते मी बरोबर आणले आहे. इथे टेबलावर ठेवतो. प्रश्नोत्तरांच्या वेळी पुढे येऊन हाताळून पाहा. पायावर मात्र पाडू नका, जड आहे.