दोष डोक्याचा नव्हे

(संगणक-शिक्षणाबाबत कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



आमच्या वस्तीतली बारावी झालेली एक मुलगी गेल्या वर्षी आली. "ताई, वेबसाइट बनवायला शिकायचंय." तोवर आईनं बचत गटातून चाळीस हजार उचलून एका क्लासची फी भरलीसुद्धा होती. क्लासनं दिले इंग्रजी व्हिडिओ आणि नोकरीचं तोंडी आश्वासन. तीन महिन्यांनी तिला एक पानही स्वतः लिहिता येईना. हप्ता मात्र चालूच. "माझंच डोकं चालत नाही," म्हणाली. मला बोलायचंय ते या वाक्यावर. साधन चुकीचं निघालं, तरी दोष बाई स्वतःकडेच घेते.

एमएस-सीआयटी म्हणजे प्रोग्रामिंग नव्हे. २००१ पासूनचा हा कोर्स संगणक वापरायला शिकवतो, एवढंच. हा फरक आपण कार्यकर्त्यांनीही समजून घ्यायला हवा.

सुरुवात एचटीएमएलनं करावी. जुना संगणक, नोटपॅड आणि ब्राउझर एवढ्यावर भागतं. चार ओळी लिहिल्या, फाइल साठवून उघडली, की आपलं नाव पडद्यावर! तो आनंद कुठल्याही प्रमाणपत्रात नाही. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे अनेक धडे मराठी आवाजात, मोफत आहेत. एका बाजूला धडा, दुसऱ्या बाजूला आपला हात चालू, अशी त्यांची रीत. काही धडे जुने झालेत, पण पाया घालायला चालतात.

इंग्रजी वाचायचा धीर आला की फ्रीकोडकॅम्प. २०१४ पासून मोफत आहे. वाचलं की लगेच तिथंच लिहून बघायचं. त्याच वर्षी दोन पोलिश तरुणींनी बर्लिनमध्ये जँगो गर्ल्सची कार्यशाळा घेतली, खास स्त्रियांसाठी. त्यांची पुस्तिका काहीच येत नाही असं धरून सुरू होते. मोझिलाचं एमडीएन उत्तम, पण ते अडल्यावर उघडायचं. पहिल्याच दिवशी हातात देऊ नका, पोरगी पळून जाईल!

एका वेळी एकच साधन धरावं. क्लास लावायचाच असेल, तर पहिल्या महिन्यात स्वतःच्या हातानं काय बनेल आणि सोडल्यास फी किती परत, हे लेखी मागा. लेखी द्यायला तयार नसतील, तर उठून या.

आणि घरातला एकुलता मोबाइल भावाच्या खिशात असेल, तर मोफत धड्यांचा उपयोग काय? म्हणून आम्ही केंद्रातला हिशेबाचा संगणक दुपारी दोन ते चार मुलींसाठी मोकळा ठेवतो. ती मुलगी तिथं येते. परवा तिनं बचत गटाचं पान बनवलं. हप्ते अजून सात बाकी आहेत.