कपाटाचे दार का करकरते?

मंडळी, आज आम्ही एका अगदी लहान गोष्टीवर बोलणार आहोत. कपाटाचे दार करकरते, त्यावर. तुम्ही म्हणाल, हा काय बोलायचा विषय झाला? करकरते तर करकरू दे! आमच्याही घरी असेच म्हणत असत. त्याचे काय झाले, ते आधी सांगतो.

आमचे घर मालवणच्या किनाऱ्याजवळ. घरात फणसाच्या लाकडाचे एक जुने कपाट आहे. त्यात घरपट्टीच्या पावत्या, जमिनीचे कागद आणि आजोबांची पत्रे होती. आजोबा १९८२ च्या संपापर्यंत मुंबईला गिरणीत होते. ते घरी पत्रे पाठवीत. आजीला तेव्हा वाचता येत नव्हते. शेजारचे कोणी वाचून दाखवी आणि आजी पत्र जपून कपाटात ठेवी. पुढे म्हातारपणी ती अक्षरे शिकली. ती पत्रे तिला स्वतः वाचायची होती.

त्या कपाटाचे दार फार करकरे. आजीची झोप सावध. तिला जाग येऊ नये म्हणून रात्री आम्ही दार पुरते लावतच नव्हतो. जरासे उघडे ठेवायचे. एका पावसाळ्यात उंदीर आत शिरले. खरेदीखत कुरतडले गेले. त्याची नक्कल कचेरीतून मिळाली, दोन हेलपाटे पडले एवढेच. पण पत्रांची नक्कल कुठल्या कचेरीत मिळणार? निम्मी पत्रे गेली.

तेव्हा कुठे आम्ही मेस्त्रींना बोलावले. आम्ही त्यांना सांगितले, "दर आठवड्याला तेल घालतो हो, तरी वाजतेच." मेस्त्री हसले. म्हणाले, "तेल घातलात ता बरा केलात. पण आधी मळ काढलात काय?"

मळ आम्ही कधीच काढला नव्हता.

आता बिजागरी कशी असते, ते पाहा. तिला दोन पाती असतात. एक चौकटीला बसते, एक दाराला. पात्यांच्या कडा नळीसारख्या वळवलेल्या असतात. त्या नळीतून एक लोखंडी सळई जाते. सळईभोवती नळी फिरते, तेव्हा दार उघडते. नळी कोरडी पडली, गंजली, की ती सरळ फिरत नाही. अडते, सुटते, पुन्हा अडते. तोच हा आवाज. दार हळू उघडले तर तो जास्तच होतो. रात्री आपण चोरपावलाने जातो, हळूच दार ओढतो आणि ते नेमके तेव्हाच ओरडते! त्यात कपाटाची फळी हा आवाज मोठा करते. एकतारीचा भोपळा तारेचा आवाज मोठा करतो ना, तसा.

आपल्या किनाऱ्यावर गंज लवकर का चढतो? लाटा फुटतात, तेव्हा पाण्याचे बारीक तुषार वाऱ्यावर उडतात. त्यांतले मीठ वाऱ्याबरोबर घरात येते आणि लोखंडावर बसते. मीठ ओल धरून ठेवते. पावसाळ्यात मिठाची बरणी उघडी राहिली तर काय होते, हे घरातल्या बायकांना सांगायला नको. तशीच ओल बिजागरीत राहते. ओल आणि हवा मिळून लोखंडाचा गंज होतो. त्या गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते. अरुंद नळीत एवढी जागा कुठून येणार? म्हणून बिजागरी आवळते.

शिवाजी महाराजांनी १६६४ साली सिंधुदुर्ग बांधायला घेतला, तेव्हा पायाचे चिरे शिसे ओतून बसवले. शिशाला लोखंडासारखा गंज चढत नाही. पण आपल्या कपाटाला शिसे काय कामाचे? आपल्याला पितळेची बिजागरी चालते. महाग पडते, पण किनाऱ्याला टिकते. तिला स्क्रूही पितळेचेच लावा. पितळेच्या बिजागरीला लोखंडी स्क्रू लावले, तर खाऱ्या ओलीत ते लोखंड आणखी लवकर झिजते. मोठ्या जहाजांच्या बुडाला जस्ताचे तुकडे लावतात, ते याच गुणाचा उपयोग करून. पाण्यात आधी जस्त झिजते, जहाजाचे लोखंड वाचते.

आता खोबरेल तेलाचे सांगतो. आपल्याकडे कशालाही खोबरेल. आम्हीही तेच घालत होतो. दोन दिवस आवाज बंद, तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू. पौषातल्या थंडीत खोबरेलाची बाटली सकाळी गोठलेली असते, की नाही? बिजागरीतले तेलही तसेच गोठते. वर त्याला धूळ चिकटते, किनाऱ्याची बारीक वाळू चिकटते. ही वाळू कानशीसारखी लोखंड घासते. करडईचे तेल तर घालूच नका. ते हवेत सुकून चिकट डिंकासारखे होते. शिवणाच्या मशीनचे तेल आणा. लहान बाटली पुष्कळ दिवस पुरते.

मेस्त्रींनी काम केले ते असे. आधी त्यांनी दार हाताने किंचित वर उचलून उघडून पाहिले. आवाज थांबला, तर दार खाली ओढले गेले आहे, वरची बिजागरी सैल आहे, असे समजायचे. आमचे तसेच होते. मग त्यांनी दाराखाली एक पाट सरकवला. दार अधांतरी ठेवून स्क्रू काढायचे नाहीत, बरं का! ते पायावर पडते. एका वेळी एकच बिजागरी सोडवायची.

स्क्रूची भोके मोठी झाली होती. त्यांनी कळकाच्या कामट्या तासल्या, गोंद लावून भोकात ठोकल्या, वाळू दिल्या आणि त्यांत स्क्रू पुन्हा बसवले. पेचकसाने आवळले, पण फार नाही.

मग मळ. नारळाच्या सोडणाचा तुकडा घेऊन गंज आणि जुने तेल खरडून काढले. हट्टी गंजाला पॉलिश पेपर. रॉकेलचा बोळा फिरवला की जुना चिकटा सुटतो, पण तेव्हा जवळ दिवा किंवा चूल नको. हल्ली रॉकेल सगळीकडे मिळत नाही. नसेल तर मशीनचे तेलच जरा जास्त घाला, दार पाचपन्नास वेळा उघडझाप करा. काळे पाणी बाहेर येईल. ते फडक्याने पुसा. पुन्हा घाला, पुन्हा पुसा. काळे येईनासे झाले की शेवटचे दोन थेंब घाला आणि सोडून द्या.

काही बिजागऱ्यांची सळई वर ओढून काढता येते. पण सळईची दोन्ही टोके ठोकून चपटी केलेली असतील, तर हातोडा मारू नका. पाती वाकतात. नळीच्या फटीतूनच तेल सोडा.

एक चूक मात्र पुष्कळजण करतात. पावसाळ्यात लाकूड फुगते, दार चौकटीला घासते. लोक लगेच रंधा मारतात. उन्हाळ्यात लाकूड आटते आणि बोटभर फट पडते. मग त्या फटीतून झुरळे, उंदीर सगळेच आत. आवाज बिजागरीचा की लाकडाचा, हे आधी कान लावून ऐका. लाकूड घासत असेल तर कडेला मेणबत्ती किंवा साबण चोळा. रंध्याचे काम दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावर बघा.

आमच्या कपाटाचे सगळे काम एका दुपारी झाले. आता आम्ही दसऱ्याला आणि पावसाळा तोंडावर आला की, असे वर्षातून दोनदा बिजागऱ्या पुसून तेल घालतो.

उरलेली पत्रे आजीने पत्र्याच्या डब्यात ठेवली आहेत. डबा त्याच कपाटात आहे. आता ती रात्री कधी उठते, कपाट कधी उघडते, आम्हाला कळतही नाही. सकाळी डबा तिच्या उशाशी दिसतो.